बिनसिमचा नंबर

हिंगोलीला मोबाइलच्या दुकानात मी काउंटरवर बसायची, तेव्हा गिऱ्हाईक आत आलं की एकच प्रश्न विचारायचं. कोणता फोन चांगला, कोणता टिकतो, असलं काही नाही. "ताई, आमच्या गावात कुण्याची रेंज येती?" मग मी गावाचं नाव विचारायची आणि ठासून उत्तर द्यायची. नरसीला दोन्ही चालतात. सेनगावात सिमवालाच घ्या, बिनसिमचा घेतलात तर स्टँडाजवळ उभं राहून बोलावं लागेल. वाशीमकडच्या गावांचं उलट, तिकडे बिनसिमच्याचा टॉवर जवळ. एखादा खवचट असला तर विचारायचा, "आन् तुमच्या गावात काय येतं, ताई?" मी म्हणायची, "आमच्या गावात काहीच येत नाही. एसटीसुद्धा तिच्या मनात आलं तर येते." लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, पण काउंटरवर बसलेल्या पोरीनं तोंड पाडून चालत नाही.

तेव्हा फोनच्या दोन जाती होत्या, आणि जातींसारखंच त्यांचं एकमेकांत जमत नव्हतं. सिमवाला म्हणजे ज्याच्यात नखाएवढं कार्ड बसतं तो. नंबर त्या कार्डात. फोन फुटला, हरवला, विकला, तरी कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की नंबर तुमच्याबरोबर आला. बिनसिमच्याला कार्डच नसायचं. कंपनी नंबर फोनाच्या पोटातच भरून द्यायची. फोन आहे तोवर नंबर आहे, आणि फोन ज्याच्या हातात त्याचा तो नंबर. जाहिरातीत एकाला जीएसएम लिहायचे, दुसऱ्याला सीडीएमए. आमच्याकडे कुणी ती अक्षरं तोंडात घेतली नाहीत.

बिनसिमचा गरिबांना परवडायचा. फोन स्वस्त, आणि त्याच कंपनीच्या दोन फोनांमध्ये बोलणं जवळजवळ फुकट. आवाज तर असा स्वच्छ की पलीकडचा माणूस घोट गिळतो तेही ऐकू यावं. त्याची खोड एकच होती. एका टॉवरवर जितके जास्त लोक बोलायला लागतील, तितका त्या टॉवरचा पल्ला आखडायचा. दुपारी जिथं पडद्यावर रेंजच्या चार कांड्या दिसायच्या, तिथं दिवेलागणीला एकही नाही. कडेच्या गावांना हे फार भोवायचं. सिमवाल्याचं तसं नव्हतं. त्याची एक कांडी असली तर एकच राहायची, पण राहायची. फार लोक बोलत असले तर फोन लागायचा नाही, 'व्यस्त आहे' म्हणायचा, पण कांडी हलायची नाही.

हे सगळं मी दुकानात शिकले असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे मी ते घरी शिकले, मायमुळे.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, बारावी करून पुण्याकडे कामाला गेला, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं. आमचं गाव सेनगाव तालुक्यात, एका खोलगट जागी. गावात फोन एकच, किराणा दुकानात. दादानं तोच नंबर 'पी.पी.' म्हणून कंपनीत लिहून दिला होता. त्याचा फोन आला की दुकानदार कुणाच्या तरी हाती निरोप धाडायचा, माय हातातलं टाकून बौद्धवाड्यापासून दुकानापर्यंत धावत जायची, आणि दादा पुन्हा फोन लावेपर्यंत दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची. पायरीवर नाही, खाली. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण तिला सवय होती. गावातले चार लोक ऐकत असताना ती बोलणार काय? "बरा हायेस ना? जेवतोस ना?" एवढंच, आणि मग तार कुठंतरी तुटायची.

काही वर्षांनी दादा भीमजयंतीला घरी आला तो दोन फोन घेऊन. दोन्ही बिनसिमचे, एकाच कंपनीचे. एक त्याचा, एक मायचा. जयंतीला येण्यात त्यानं तोवर कधी खाडा केला नव्हता. निळा फेटा बांधून मिरवणुकीत नाचायचा, आणि माय कडेला उभी राहून, तो नाचतो कसा ते न बघता त्याचा चेहरा उतरलाय का तेच बघत राहायची. त्या वर्षी तिनं मिरवणूक धड बघितलीच नाही. तिचा सगळा जीव त्या फोनात.

पण गावात रेंज नव्हती. दादा फोन वर धरून वाड्यात फिरला, वरच्या गल्लीत फिरला, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढला. मागे निम्मं गाव. कुठंच काही नाही. शेवटी ओढा ओलांडून तो बंजाऱ्यांच्या तांड्याकडे गेला आणि तिथून ओरडला, "आली!" तांडा माळावर. तिथं ना रस्ता, ना एसटी, पावसाळ्यात चिखल तुडवल्याशिवाय माणूस खाली उतरू शकत नाही. गावातले लोक तांड्याला नाक मुरडायचे. आणि रेंज आली ती नेमकी तांड्यावर. बाबांना याचा फार आनंद झाला. बाबा हिंगोली-सेनगाव जीप चालवायचे, आणि पुढचे कितीतरी दिवस जीपमध्ये बसणाऱ्या गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारायचे, "काय मालक, बोलायचं असंल तर तांड्यावर जावं लागतंय म्हणं?"

जाताना दादानं नियम घालून दिला. रोज दिवेलागणीला तो एक रिंग देईल. ती उचलायची नाही. उचलली तर थोडे का होईना, पैसे पडतात. एक रिंग वाजून बंद झाली की समजायचं, पोरगं बरं आहे, कामावरून आलं, आता जेवायला बसतंय. बोलायचं ते रविवारी, सावकाश. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला त्यानं फोनावरची बटणं दाखवलीच नाहीत, एकच गोष्ट शिकवली, की कशालाही बोट लावायचं नाही. रविवारी फोन उचलून तिच्या कानाला लावायचं काम माझं.

असे मिस कॉल तेव्हा सगळेच द्यायचे. आमच्या घरानं मात्र ते धर्मासारखं पाळलं. माय रोज संध्याकाळी भाकरी उरकायची, फोन रुमालात बांधायची आणि ओढा ओलांडून तांड्यावर जायची. तांड्याच्या तोंडाशी एक सपाट खडक होता. तिथं तिच्याशेजारी तांड्यावरची एक म्हातारी येऊन बसायची. तांड्यातली सगळी लेकरं तिला याडी म्हणायची, म्हणजे आई, म्हणून आम्हीही म्हणायचो. याडीचा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊस तोडायला कारखान्यांकडे जायचे. तिच्याकडे सरकारी कंपनीचा सिमवाला फोन होता. दोघी खडकावर फोन मध्ये ठेवून बसायच्या आणि कुणाचा फोन चांगला यावर रोज भांडायच्या.

"तुझ्याला चार कांड्या हायेत, पण घडीत हायेत, घडीत न्हाईत," याडी म्हणायची. "माझी एकच हाय, पण बराबर ठाण मांडून बसती."

"तुझ्या फोनात आवाज तरी येतो का?" माय म्हणायची. "खर्रखर्र. माझं लेकरू बोलायलं की बाजूला बसल्यावानी वाटतं."

दोघींचं खरं होतं. पुढे दुकानात मी गिऱ्हाइकांना जे सांगायची ते याहून वेगळं काही नव्हतं.

कधी कधी रिंग यायची नाही. कांड्याच नसायच्या. माय अंधार पडेपर्यंत बसायची आणि मग घरी येऊन न जेवता पडायची. मी तोवर हिंगोलीच्या कॉलेजात बी.ए.ला आणि दुपारून दुकानात लागले होते, बाबांच्या जीपने जाऊन-येऊन. कंपनीचा माणूस दुकानात आला तेव्हा मी त्याला विचारून घेतलं आणि घरी येऊन मायला समजावलं, की संध्याकाळी सगळे लोक बोलायला लागतात, त्यामुळे टॉवरचा पल्ला आखडतो, त्यात दादाची काही चूक नाही.

"मंग लोकायनं संध्याकाळी बोलू नई," माय म्हणाली.

पण त्या दिवसापासून रिंग आली नाही की ती जेवायला लागली. टॉवर आखडला असंल, एवढं म्हणायची आणि ताटावर बसायची. ज्ञानाचा एवढा तरी उपयोग झाला म्हणून मला बरं वाटलं.

मग रविवारचं बोलणं कमी झालं. ओव्हरटाइम आहे, माय. मग दोन-तीन रविवारांआड. मग दादा बोलायचा ते घाईघाईत, मागे कुणीतरी हाक मारत असल्यासारखा. मग रविवारी नुसतीच रिंग, इतर दिवसांसारखी. आणि एका वर्षी जयंतीला तो आलाच नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत माय म्हणत होती, सकाळच्या गाडीनं येईल. जयंतीच्या दिवशी मिरवणूक ओढ्याच्या बाजूला असताना ती गुपचूप तांड्यावर जाऊन आली आणि हसत परतली. "रिंग आली. बराबर टायमाला आली."

माझं डोकं फिरलं. रिंग दिली म्हणजे काय उपकार केले? बस पकडून येता येत नाही का? मी तसं बोलूनही दाखवलं. माय म्हणाली, "कंपनी सोडत नसंल. इसरला असता तर रिंग दिली असती का?" आणि खरंच, तेव्हापासून रिंग पूर्वीपेक्षा जास्त नेमानं येऊ लागली होती. पूर्वी कधी उशिरा, कधी नाही. आता टॉवरनं साथ दिली की अगदी वेळेवर. माय याडीला अभिमानानं सांगायची, पोरगं आता सुधरलं.

त्याच सुमारास माझ्या लग्नाचं जमत आलं. हिंगोलीचंच घर, मुलगा पंचायत समितीत कारकून. त्यांना तारीख पाहिजे होती. माय म्हणाली, दादाला इचारल्याबिगर तारीख न्हाई. मी दुकानातून दादाला फोन लावून पाहिला. नुसता वाजायचा. कुणी उचलत नव्हतं. कामावर असेल म्हणून दुपारी लावला, सुट्टी असेल म्हणून रविवारी लावला. शेवटी मायच म्हणाली, "आज तू चल माझ्यासंग. रिंग आली की उचल. पडू दे पैसे पडले तर."

मी गेले. याडी होती. माय खडकावर मध्ये फोन ठेवून त्याच्याकडे बघत बसली. कांड्या तीन होत्या. रिंग वाजली, पडद्यावर दादाचं नाव आलं आणि मी बटण दाबलं.

पलीकडून एक अनोळखी आवाज, घाबरलेला. "हॅलो? अहो, उचलायचा नसतो ना तुम्ही."

मी विचारलं, कोण बोलतंय? तो दादाचा खोलीतला जोडीदार होता. सोलापूरकडचा कुणीतरी. त्यानं लपवालपवी केली नाही, बिचारा सगळं एका दमात बोलून गेला. दादानं सिमवाला फोन घेतला होता. बिनसिमचा जुना फोन नको झाला म्हणून याला देऊन टाकला. देताना एवढंच म्हणाला, की संध्याकाळी ह्या नंबरला एक रिंग देत जा, म्हातारी त्याशिवाय जेवत नाही. पुढे दादानं खोली सोडली, कंपनी सोडली. सिमचा नंबर एकदा बदलला, मग परत बदलला. आता याच्याकडे जो होता तो लागत नाही.

"कधीपासून देताय तुम्ही रिंग?"

"जयंतीच्या आधीपासून, ताई. माझीही आई गावाकडं एकटी आहे, म्हणून मी कधी चुकवली नाही. तुम्ही दुपारी फोन करायच्या, ते बघून मला भीती वाटायची. उचलून काय सांगू?" मग त्यानं विचारलं, "आता देऊ का रोज, का बंद करू?"

"नका देऊ," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

दादा समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. तो नव्हता म्हणून तो राग त्या परक्या माणसावर निघाला. पण 'नका देऊ' म्हणाले याचं मला आजही काही वाटत नाही. आजही तेच म्हणेन.

मायला मी तिथंच, खडकावर, सगळं सांगितलं. याडी उठून जरा लांब जाऊन उभी राहिली. माय ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू नको काहून म्हणलीस त्याला?"

"खोटी रिंग कशाला पाहिजे?"

"खोटी कशी? फोन तर त्याचाच हाय ना."

हिशेबानं तिचं बरोबर होतं. नंबर फोनाच्या पोटात, फोन दादाचा, म्हणजे रिंग दादाची. माणूस तेवढा त्यातून निघून गेला होता. सिमवाला असता तर फोन कुणालाही दिला असता, नंबर त्याच्याबरोबर गेला असता, आणि पहिल्याच दिवशी रिंग बंद झाली असती. आम्हाला निदान कळलं असतं. चांगला फोन कोणता, असं मला त्यानंतर कुणी विचारलं की माझ्या तोंडाला कडवट चव यायची.

बाबा पुण्याला गेले. जीप दुसऱ्याच्या हाती देऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दादाचा तो जुना फोन होता. जोडीदारानं त्यांच्या हातात ठेवला, पाया पडला, आणि नको नको म्हणताना स्टँडापर्यंत सोडायला आला. दादा एका ठेकेदाराबरोबर गुजरातकडे गेला, असं चाळीत म्हणत होते. कुणी म्हणालं एकटा गेला, कुणी म्हणालं एकटा नव्हता. मी म्हणाले, पोलिसात हरवल्याची तक्रार तरी द्या.

"हारवला कुठं?" बाबा म्हणाले. "हारवलेल्याला तर घर सापडत न्हाई. ह्याला घर ठावं हाय."

ते खरं होतं, आणि पुढे त्याचा पुरावाही मिळाला. शेजारच्या गावातल्या एकाला सुरतेच्या स्टेशनवर दादा भेटला. चांगला धष्टपुष्ट, अंगावर स्वच्छ कपडे, हातात नवा फोन. घरचं विचारलं तर म्हणाला, "येतो की जयंतीला, सांगा मायला." नंबर मागितला तर म्हणाला, बदलणार आहे, नवा घेतला की मीच फोन करतो. मायनं त्या माणसाला घरी बोलावून चहा पाजला आणि तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लावलं.

दादाचा फोन बाबांच्या जीपमध्ये पुढच्या कप्प्यात पडून असायचा. एके संध्याकाळी नरसीला जीप भरायची वाट बघत असताना त्यांनी तो हातात घेतला. चालू आहे का बंद पडला, बघावं म्हणून. नरसीला रेंज भरपूर. त्यांनी मायच्या फोनाचा नंबर लावला. दिवेलागणीची वेळ आहे, माय यावेळी तांड्यावर असते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

माय खडकावर होती. रिंग बंद करायला सांगून महिने झाले होते तरी ती रोज जात होती, आणि आम्ही तिला अडवायचं सोडून दिलं होतं. फोन वाजला. नाव तिला वाचता येत नव्हतं, पण दादाच्या नंबराला मी वेगळी धून लावून दिली होती, ती वाजली. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतः बटण दाबलं. कुठलं दाबायचं ते तिनं माझ्याकडे बघून केव्हाच ध्यानात ठेवलं असणार.

"लेकरा," ती म्हणाली. "बोल, लेकरा."

बाबांनी हे मला फार नंतर, माझ्या सासरी आले असताना सांगितलं. ते म्हणाले, तिचा आवाज इतका जवळून आला की मला वाटलं ती जीपमध्येच बसलीय. त्यांना तोंडच उघडेना. ती बोलत राहिली. तुझ्या बहिणीचं जमलंय, पोरगं चांगलं हाय, तू ये, काही म्हणणार न्हाई कुणी तुला. शेवटी बाबा म्हणाले, "मी हाय." मग माय म्हणाली, "हां. येताना घासलेट आणा." आणि फोन तसाच चालू ठेवून दिला. त्याच रात्री बाबांनी दादाचा फोन ट्रंकेत तळाला घातला.

माझं लग्न हिंगोलीच्या विहारात झालं. वंदना चालू असताना माय पहिल्या रांगेत होती, आणि तिच्या मुठीत रुमालात बांधलेला फोन होता. दादा आला नाही. येईल असं मला वाटलंच नव्हतं, पण पांढऱ्या साडीत उभी असताना मी तीनदा दाराकडे बघितलं, हेही खरं.

पुढे आमच्या गावात टॉवर आला. शाळेच्या मागच्या वावरात, लाल-पांढरा. सिमवाल्यांचा. महिन्याभरात गावाची तऱ्हाच बदलली. लोक बाजेवर पडल्या पडल्या बोलू लागले, न्हाणीतून बोलू लागले. याडीच्या फोनाला पाच कांड्या आल्या, आणि ती खडकावर यायची बंद झाली. तिला गरजच उरली नाही. तिचा मुलगा उसावरून रोज बोलायचा, खर्रखर्र न होता. ती मायला म्हणाली, "तूबी घे ना एक कार्ड." माय म्हणाली, "बघू." आणि एकटी खडकावर बसत राहिली.

बिनसिमच्याचं मात्र दिवसेंदिवस वाईट होत गेलं. लोक सोडून चालले होते, कंपनीनं आमच्या बाजूचं लक्षच काढून घेतलं. त्या जातीच्या फोनाची बॅटरी मिळेना. मी हिंगोलीतल्या सगळ्या दुकानांत फिरून कुणाच्या मोडक्या फोनातली काढून आणायची. दुपारीसुद्धा आता खडकावर एखादीच कांडी दिसायची. मग एके दिवशी बाबांनी कळवलं की तीही गेली. टॉवर बंद केला की काय केलं, कुणास ठाऊक. मायला तीच कांडी पुन्हा येईल असं वाटत होतं.

मी माहेरी गेले तेव्हा तिच्यासाठी नवा फोन नेला. साधाच, मोठ्या बटणांचा, आत कार्ड घातलेला, चार्ज केलेला. आमच्या ओट्यावर ठेवला तर कांड्या भरून आल्या. मला वाटलं, तिला दाखवावं. ती तांड्याकडे निघाली होती, रुमाल हातात. मी तिला थांबवलं. सांगितलं, की त्या फोनात आता काही राहिलं नाही. मी त्याच धंद्यात होते, मला कळतं. टॉवरच नाही तर फोन काय करणार?

"ह्याचा नंबर त्याला ठावं न्हाई," ती नव्या फोनाकडे बघून म्हणाली.

"कळवू की. त्याला सुरतेला भेटलेल्या माणसाजवळ निरोप देऊ. आणि समजा जुना नंबर लागला नाही, तर गाव कुठं हललंय, माय? एसटी येते. पत्र येतं. किराणा दुकानातला फोन अजून तिथंच आहे. यायचं असलं तर—"

हे वाक्य मी सुरूच करायला नको होतं. पण ती रागावली नाही. ओट्यावर माझ्याजवळ बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा या विषयावर माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तशी बोलली.

"मला काय कळत न्हाई का, बाई? पर या फोनाला रेंज न्हाई, म्हणून त्याचा फोन लागत न्हाई, असं मला म्हणता येतंय. याडीला म्हणता येतंय, गावाला म्हणता येतंय. तुझं हे कार्ड घेतलं, त्याला नंबर धाडला, बराबर पाच कांड्या आल्या, आन् तरी न्हाई लागला, तर मंग मी काय म्हणू?"

ती उठली, फोन रुमालात बांधला आणि ओढ्याच्या वाटेला लागली. मी नव्या फोनातलं कार्ड काढलं आणि पर्समध्ये टाकलं.